मानकरी आगळात पाणी कुणी घातलं?

मसुरे, दसरा झाल्यावरचा सोमवार

चिरंजीव बाबूस (पासष्टी उलटली तरी बायकोचा धाकटा भाऊ तो चिरंजीवच, त्याला माझा इलाज नाही) भावोजींचा उदंड आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने जिना चढू नका म्हणून सांगितलं आणि रसिकाने तुला इतक्या उंच इमारतीत नेऊन ठेवलं की वीज गेली की तू ना धड जमिनीवरचा ना धड स्वर्गातला. रसिकाला आणि जावयांना आशीर्वाद, नातीला, रियाला, गोड पापा. इकडे मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे रक्तदाब आहे तिथेच आहे, दात आहेत तेवढे आहेत, आणि मांजर पुन्हा व्यायली. पिल्लं तुझ्या माडाच्या बुडाशी ठेवली आहेत, म्हणजे कायद्याने तुझी.

फोन असताना पत्र कशाला, असं रसिका विचारील. तिला सांग, फोनवर मी बोलतो आणि तुझे वडील ‘हॅलो, हॅलो’ करतात, मग ते बोलतात आणि मी ‘हॅलो, हॅलो’ करतो, आणि शेवटी दोघेही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतो. आमचा अनिश पुण्याहून दर रविवारी फोन करतो. जेवलात का आणि गोळी घेतलीत का, हे दोन प्रश्न झाले की त्याला दुसरा फोन येतो. गुणी मुलगा आहे, तक्रार नाही. पण पत्रात एक सोय असते, समोरचा मधेच ठेवू शकत नाही.

तुझ्या निरोपाचं उत्तर द्यायचं आहे, ते मी विसरलेलो नाही. कोणी गृहस्थ तुझं घर विकत घेऊ म्हणतात, त्यांना तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत, ते बघायला येतील तेव्हा मी घर उघडून दाखवावं आणि माझं मत कळवावं, असं रसिकाने कळवलं होतं. त्या विषयाकडे येतोच. पण आधी कुडाळात काय झालं ते ऐक. दुसऱ्या कोणाकडून ऐकलंस तर तो तिखटमीठ लावून सांगेल, आणि तिखटमिठावरूनच तर सगळी भानगड झाली आहे.

तू शिमगा आटपून मुंबईला गेलास. तू गेल्यावर पहिल्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने कुंपणाशी जाऊन उभा राहिलो आणि ‘बाबू, पान आसा?’ म्हणून हाक मारली. तुझ्या कुत्र्याने तेवढं वर बघितलं (तोही आता माझ्याकडेच जेवतो). तुझी बहीण होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. सासुरवाडी कुंपणापलीकडे असण्याचा ताप मी तीस-पस्तीस वर्षं भोगला. ती रुसून माहेरी जायची आणि भाताला कढ यायच्या आत परत यायची, म्हणजे मला धड विरहसुद्धा मिळाला नाही. आता मिळाला, तो पुरून उरला. ती गेल्यावर निदान तू होतास, शिव्या द्यायला आणि खायला. तू गेलास तेव्हा घरात आवाज म्हणून रेडिओ आणि मांजर उरलं, आणि त्यातला रेडिओ बिघडला.

अशात मी चष्म्याची दांडी बदलायला कुडाळला गेलो. स्टँडच्या पुढे जुन्या भातगिरणीच्या जागी काचेचं दुकान उभं राहिलं आहे, ‘गोतावळा मार्ट’. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गारवा होता, आणि आत यायला कोणी कारण विचारत नव्हतं, म्हणून शिरलो. बघतो तर एका कोपऱ्यात लाकडी चौथरा, समईच्या आकाराचे दिवे, आणि वर सोनेरी अक्षरांत पाटी, ‘मानकरी’. मी थबकलोच. देवळात पहिला नारळ आमच्या घराण्याचा, गाऱ्हाणं घालायचा मान आमचा (तुमच्या घराण्याचा तिसरा नारळ, चिडू नकोस, नियम मी केलेला नाही). ह्या मानापायी आमचे आजोबा कोर्टात गेले, आणि इथे ती पाटी लोणच्याच्या बाटल्यांवर लावलेली. भांडावं म्हणून पुढे झालो, तर एका मुलीने स्टूल पुढे केलं आणि हातात सोलकढीचा इवलासा पेला दिला. ‘सर, चव कशी वाटली?’

आता तूच सांग, मला कोणी शेवटचं मत कधी विचारलं होतं? मी तिला सांगितलं. सोलं कुठली, कोकमाच्या रसाचं आगळ किती मुरलेलं, नारळाचा रस पहिला की दुसरा, लसूण ठेचलेली की वाटलेली, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मान डोलवत होती. मुलगी आपल्या जवळच्याच आंगणेवाडीची निघाली, अक्षया नाव. कोणी जवळ नाही असं बघून हळूच म्हणाली, ‘काका, खरा सांगा हां, लाजू नकात.’ मग मी आणखी खरं सांगितलं. माझी दुपारची गाडी चुकली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी मी कुडाळला. शेजारी विचारत, भाई काय आणूक जातास? मी म्हणे, सामान. सामान कसलं, काडेपेटीसुद्धा घ्यायचो नाही. स्टूल, पेला आणि ‘खरा सांगा’, ह्यासाठी जायचो.

तुला मुंबईत ही दुकानं रोजची आहेत, पण त्यांची रचना तुला कळली नसणार, कारण दुकानात नेलं की तू बाकावर झोपतोस. ऐक. परक्या कंपन्यांचा माल मधल्या फळ्यांवर. अगदी खाली, वाकून घ्यावा लागेल असा, दुकानाचा स्वतःचा ‘काटकसर’ नावाचा माल, साध्या पिशवीत, जणू सावत्र पोर. आणि चौथऱ्यावर दुकानाचाच उंची माल, ‘मानकरी’. आगळ काचेच्या बाटलीत, बाटलीच्या तोंडाला सुतळी, गळ्यात जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर कुठल्याशा आजीचं चित्र (आपल्याकडची नव्हे, नथ उजव्या नाकपुडीत होती). मानकरीला सवलत नाही, एकावर एक फुकट नाही. डॉक्टरांच्या बायका मोटारीतून येऊन न्यायच्या. आणि खरं सांगतो, पहिलं आगळ चांगलं होतं. तुझ्या बहिणीच्या हाताचं नव्हे, पण चांगलं होतं.

मग पावसाळ्याच्या तोंडावर सुतळी गेली. मी म्हटलं, जाऊ दे, सुतळी कोण पितो. मग काच गेली, प्लास्टिक आलं, आणि चिठ्ठीवर छापलं, ‘नव्या सोयीच्या रूपात’. मग आगळाचा रंग वाढला आणि आंबटपणा कमी झाला. मी चष्मा चढवून (दांडी नवी होती, उपयोगी पडली) मागची बारीक अक्षरं वाचली, तर आधी नुसतं कोकम आणि मीठ होतं, आता पहिलं नाव पाण्याचं, दुसरं साखरेचं, आणि कोकम बिचारं पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं शेवटी. पुढे मानकरीचेच तीन भाऊ झाले. ‘मानकरी रोजचा’, ‘मानकरी खास’ आणि ‘मानकरी खासमखास’. म्हणजे जे आधी नुसतं मानकरी होतं, तेच आता खासमखास म्हणून दामदुप्पट, आणि नुसतं नाव लावलं पाण्याला. आणि मग एके दिवशी, बाबू, मानकरी फिनेल. मानकरी पायपुसणी. आजीचं चित्र फिनेलावरसुद्धा, तशीच हसते आहे.

दुकानाचा मॅनेजर मंगेश आपल्या मसुऱ्याचाच. दुकानात तो ‘आपलं स्वागत आहे सर’ म्हणतो आणि दाराबाहेर चहाच्या टपरीवर माणसात येतो. त्याला मी जाब विचारला. तो म्हणाला, ‘भाई, आधी नाव वाढवूचा, मगे नाव विकूचा. लोका नाव खातत, चव खंय बघतत?’ वरच्या ऑफिसात म्हणे माणसं बसलेली असतात, त्यांचं कामच हे की गिऱ्हाइकाला न कळता किती कमी करता येईल ते बघायचं. एकदम कमी केलं तर बोंब होते. थोडं थोडं केलं तर माणूस म्हणतो, आपलीच जीभ म्हातारी झाली. मला ते पटलं. आपल्या देवळात नाही का झालं? मान वाढत गेले तसा नारळाचा तुकडा लहान होत गेला, आता प्रसाद म्हणून नखाएवढं खोबरं येतं आणि सगळे मानकरी.

वाईट अक्षयाचं वाटायचं. तिने रोज उभं राहून त्या लाल पाण्याची कढी लोकांना द्यायची आणि ‘पारंपरिक चव’ म्हणायचं. माझ्याकडे बघून ती ते म्हणू शकत नव्हती. आणि माझंही एक ओझं होतं. इतके महिने त्या पोरीच्या हातचं पितो आहे आणि जाताना रिकाम्या हाताने जातो आहे, हे आपल्या रीतीत बसतं का? शेजारणीचं भांडंसुद्धा आपण रिकामं परत करत नाही. म्हणून मी घरच्या आगळाची एक बाटली नेली. ह्या वर्षी मीच केलं. रातांबे तुझ्या कुंपणाकडच्या कोकमाच्या झाडाचे (आता कळलं ना कुठे गेले ते). मीठ किती घालायचं ते तुझी बहीण मुठीने मोजायची आणि ती मूठ माझ्याकडे नाही, तेव्हा पहिली बरणी खारट, दुसरी आंबूस, आणि तिसरीचं झाकण उघडलं तर तिच्या हाताला जो वास यायचा तो आला. त्यातली बाटली नेली. दारावरच्या रखवालदाराने पिशवी ठेवून घ्यायची म्हटलं, त्याला सांगितलं पोटाचं औषध आहे.

अक्षयाने चाखलं आणि बाटली आपल्याजवळ ठेवून घेतली. मी पुढच्या गाडीने परत आलो. माझ्यामागे तिने काय केलं, तर त्या दिवशीची सगळी कढी माझ्या आगळाची केली. मंगेशला मागाहून म्हणाली, एक दिवस तरी मान वर करून ‘पारंपरिक चव’ म्हणायचं होतं. कुडाळचा बाजार, माणसांची रीघ, पेल्यावर पेले गेले, आणि चौथऱ्यावरच्या मानकरीच्या बाटल्या तिन्हीसांजेच्या आत संपल्या. मंगेशला वरच्या ऑफिसातून शाबासकीचा फोन आला. ही शाबासकी दोन दिवस टिकली. मग माणसं बाटल्या घेऊन परत येऊ लागली. नेरूरची कोणी हौसाबाई म्हणून आहे, तिने तर भर दुकानात बाटली आपटली. ‘गो बाय, परवा दिलंस ती कढी खंय, आणि ह्या काय दिलंस? ह्या तर लाल पानी!’ मंगेश म्हणाला, बाई, माल तोच आहे. हौसाबाईने मंगेशच्याच तोंडाला बाटली लावली.

वरच्या ऑफिसातून माणसं आली. त्यांनी विचार केला, बाटलीत आणि पेल्यात फरक पडतो आहे, मग काय करावं? तुला वाटेल बाटली सुधारतील. त्यांनी पेला बंद केला. चौथरा काढला, दिवे काढले, स्टूल कुठे गेलं कोण जाणे. मानकरी आता काटकसरच्या शेजारी एकाच फळीवर, एकावर एक फुकट. अक्षयाला बिलाच्या खिडकीत बसवली. तिथे तिला ‘पिशवी हवी का’ एवढंच विचारायची मुभा, मागे रांग असते. पुढच्या बाजाराला मी काडेपेटी घेऊन रांगेत उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं, ‘पिशवी हवी का?’ म्हणाली आणि तिचे डोळे भरले. काडेपेटीला पिशवी कशाला, पण मी घेतली.

चौथऱ्याच्या जागी आता एक पाटी उभी केली आहे. तीन चेहरे, हसरा, मख्ख आणि रडका. ‘आपलं मत कळवा.’ मी रडका दाबला. पाटी म्हणाली, धन्यवाद. मी पुन्हा दाबला. पुन्हा धन्यवाद. म्हटलं, का ते विचार तरी! तर तिसऱ्यांदा धन्यवाद. मला इतका संताप आला, बाबू, की मी चपला काढल्या, गावच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि तिथेच फिनेलाच्या फळीसमोर गाऱ्हाणं घातलं. आवाज माझा तुला माहीत आहे, सभामंडपात कधी माईक लागला नाही.

‘बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा ह्या दुकानात जमली आसत, तेंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!’ आणि काय सांगू, तांदळाच्या पोत्यांकडून, साबणाच्या गल्लीतून, कुठून कुठून आवाज आला, ‘व्हय म्हाराजा!’ आपल्याकडचं माणूस झोपेत असलं तरी एवढं ऐकून गप्प राहत नाही. पहिला आवाज बिलाच्या खिडकीतून आला होता. मला चेव चढला. ‘ज्या कोणी आगळात पानी घातल्यान आसात, तेका तेची चूक दाखय रे म्हाराजा!’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘मानकऱ्याचा नाव फिनेलार चढवल्यानी, ता उतरून घी रे म्हाराजा!’ ‘व्हय म्हाराजा!’ ह्या वेळी मंगेशसुद्धा ओरडला. सवलती पुकारायचा माईक हातात होता, दुकानभर घुमलं.

इथे थांबायला हवं होतं. पण इतकी माणसं माझ्या शब्दाला शब्द देत होती, आणि मला आठवेना की असं शेवटचं कधी झालं. चतुर्थीला तू आला नाहीस, गणपती ह्या वर्षी तिकडेच बसवलास. माझ्या घरची आरती मी एकट्याने म्हटली, टाळही मीच आणि घंटाही मीच. आणि तोंडातून निघून गेलं, ‘माझ्या शेजारचा घर बंद आसा, तेच्या दाराक माणूस दी रे म्हाराजा!’ लोकांना काय ठाऊक कुठलं घर, कोण शेजारी. पण सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. मग मी नुसताच हात जोडून उभा राहिलो, फिनेलावरची आजी माझ्याकडे बघत राहिली.

मंगेश आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘भाई, चला, च्या घेवया.’ चहा त्याने पाजला, चपला शोधून आणल्या, गाडीत खिडकीची जागा धरून दिली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मला रडू आलं नसतं. मला एकटं वाटतं, बाबू. एवढं लिहिलं एकदाचं, आता खोडत नाही.

बाकी सर्व ठीक. भात कापणीला आलं आहे, तुझ्या वाट्याचं तुझा कुळवाडी बघतो आहे, मी त्याला बघतो आहे. गुडघ्याला तेल लावत जा, आणि लिफ्टमध्ये एकटा जाऊ नकोस. रसिकाला सांग, पत्र मोठ्याने वाचू नकोस म्हणून.

तुझे भावोजी,
गणपत

ता. क. – येणाऱ्या माणसाबरोबर तिसऱ्या बरणीतलं आगळ पाठवतो आहे. त्यात रसिकाला साखर घालू देऊ नकोस. घातलीच तर मला कळवू नकोस.

दुसरा ता. क. – मानकरीविषयी वर जे वाईटसाईट लिहिलं आहे ते कोणाला दाखवू नकोस. काल मंगेश वरच्या ऑफिसातल्या एका माणसाला घेऊन घरी आला होता. त्यांना ‘खासमखास’साठी माझ्या हातचं आगळ हवं आहे, चिठ्ठीवर माझा फोटो घालणार. मी अट घातली, चौथरा परत मांडायचा, अक्षयाला परत तिथे उभी करायची आणि स्टूल माझं. त्यांनी कबूल केलं. पहिलं वर्ष पाणी घालणार नाही म्हणाले. दुसऱ्या वर्षाचं मी विचारलं नाही.

तिसरा ता. क. – घराचं राहिलंच. ते गृहस्थ गेल्या आठवड्यात येऊन गेले. चावी सापडत नाही म्हणून मी त्यांना बाहेरूनच घालवलं. चावी सापडत होती, माझ्या कमरेच्या करगोट्याला आहे. तू रसिकाकडे कुरकुरत होतास म्हणे की बंद घराला विजेचं बिल इतकं कसं येतं, मीटर बिघडला असेल. मीटर बिघडलेला नाही. रोज दिवेलागणीला मी तुझं दार उघडतो, पडवीतला दिवा लावतो, आणि इकडे येऊन माझ्या पडवीत बसतो. पलीकडे उजेड दिसला की वाटतं, बाबू घरात आहे, माझ्यावर रुसलाय म्हणून बोलत नाही, एवढंच. घर विकायचं तर वीक, तुझं आहे, अडवणारा मी कोण. पण विकण्याआधी एकदा ये. एक दिवस तो दिवा तू लाव. मी कुंपणाशी येऊन हाक मारीन, तू ओ दे.